रशियन गोष्टींची पुस्तके आणि दूरदेशची मैत्री

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी जिजामातेवर लिहितात, कोणी सणावारांवर, कोणी लोणच्या-पापडाच्या कृती देतात. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “या वेळी तुम्ही काही इतिहासाचे लिहा.” मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहायचा तर निदान शिलालेख तरी वाचता यावा, अशी माझी समजूत. परंतु दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर तीत माझ्या लहानपणची सहा पुस्तके निघाली. कडा कुरतडलेल्या, पण चित्रांचे रंग अजून जसेच्या तसे. मनात आले, हाही एक इतिहासच आहे, आणि तो आपल्या हिंगणघाटसारख्या गावातही घडून गेलेला आहे. तेव्हा भगिनींनो, जे आठवते आणि जे वाचून कळले, ते साध्या शब्दांत मांडते.

माझा मामा नागपूरच्या कापडगिरणीत कामाला होता. युनियनचा माणूस, लाल बावट्यावाला. दिवाळीला आणि उन्हाळ्यात आमच्याकडे आला की पिशवीतून संत्री काढायचा आणि संत्र्यांच्या खालून एखादे पुस्तक. “हे घे वं पोरी, रशियातून आलं. पान दुमडू नको,” असे बजावून द्यायचा. आत पाहावे तर जाड पांढरा कागद, मोठा टाइप, पानोपानी चित्रे. छापलेले मॉस्कोला, आणि भाषा मात्र मराठी! आमच्या शाळेच्या पुस्तकांचा कागद त्या काळी असा, की शाई मागच्या पानावर उमटायची. एवढे देखणे पुस्तक दोन-चार रुपयांत कसे मिळते, याचे माझ्या आईला फार नवल वाटे.

त्याचे कारण आता कळते. मॉस्कोत परदेशी भाषांतली पुस्तके छापण्यासाठी 1931 साली एक सरकारी प्रकाशन संस्था निघाली. पुढे 1963 पासून तिचे नाव ‘प्रगती प्रकाशन’ झाले, आणि 1982 साली कथा-कादंबऱ्या व मुलांची पुस्तके यांच्यासाठी तिच्यातून ‘रादुगा’ ही वेगळी संस्था निघाली. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. आपल्याकडची माणसे मॉस्कोत जाऊन राहत आणि तिथेच बसून मराठी करीत. त्यांच्यात अनिल हवालदार यांचे नाव मराठी वाचकांनी कृतज्ञतेने घ्यावे असे आहे. मुंबईचे लोकवाङ्मय गृह ही पुस्तके विकत असे, आणि तिथून ती प्रदर्शनांतून व कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून गावोगाव पोचत. खर्चाचा मोठा वाटा रशियाचे सरकार सोसत होते, म्हणून किंमत आपल्याला परवडे.

आता कोणतेही सरकार एवढा खर्च उगाच करत नसते. 1955 साली पंडित नेहरू रशियाला जाऊन आले, त्याच वर्षाच्या अखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह आपल्याकडे आले, आणि ‘हिंदी-रूसी भाई भाई’ ही घोषणा सर्वांच्या तोंडी झाली. त्याच वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि 1959 साली तिथली पहिली भट्टी सुरू झाली. भिलाई आपल्या नागपूरच्या पलीकडेच, त्यामुळे रशियन इंजिनीअर ही विदर्भात नुसती ऐकीव गोष्ट नव्हती. 9 ऑगस्ट 1971 रोजी दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला. मोठ्यांनी कागदावर सह्या केल्या आणि मुलांच्या हाती चित्रांची पुस्तके आली. ‘सोव्हिएत देश’ नावाचे गुळगुळीत नियतकालिकही तेव्हा येई. ते किती जणांनी वाचले ठाऊक नाही, पण शाळा सुरू झाली की वह्यांना त्याचीच कव्हरे असत. वर्गात निम्म्या वह्यांवर ट्रॅक्टर आणि निम्म्यांवर हसऱ्या गवळणी!

या पुस्तकांत दूरच्या देशांशी मैत्री कशी दाखवली आहे, हे मी आता माझ्या मुलीच्या मदतीने मुद्दाम शोधून पाहिले. ती वर्ध्याला कॉलेजात शिकते. मला त्यात तीन तऱ्हा आढळल्या.

पहिली तऱ्हा जुनी आहे. 1920 साली निकोलाय तीखनोव यांनी ‘सामी’ नावाची कविता लिहिली. सामी हा आपल्याच हिंदुस्थानातला एक पोर. साहेबाच्या घरी राबतो, मार खातो. त्याच्या कानावर येते, की दूर उत्तरेला लेनिन नावाचा कोणी आहे आणि तो गरिबांचा कैवारी आहे. मग तो पोर मनातल्या मनात त्याच्यावर भाव ठेवतो. म्हणजे इथे परदेशचा मित्र हा पिचलेला, आणि रशिया हा त्याचा आधार. 1933 साली आलेल्या साम्युइल मार्शाक यांच्या ‘मिस्टर ट्विस्टर’मध्ये एक श्रीमंत अमेरिकन कुटुंब घेऊन लेनिनग्राडला येतो. ज्या हॉटेलात काळ्या वर्णाचा माणूस उतरला आहे तिथे राहायला तो नकार देतो. मग त्याला गावभर जागा मिळत नाही आणि त्याची पुरती फजिती होते. वाचताना लहान मुले खो खो हसली असतील. परक्याच्या अंगचा दोष पाहून हसणे सोपे असते.

दुसरी तऱ्हा भेटवस्तूंची. नेहरूंनी जगातल्या मुलांना हत्ती पाठवले, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. महायुद्धात टोकियोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती मारले गेले होते. तिथल्या मुलांनी पत्रे लिहून हत्ती मागितला, तेव्हा 1949 साली ‘इंदिरा’ नावाची हत्तीण जपानला गेली. पुढे रशियातल्या मुलांसाठीही रवी आणि शशी ही हत्तीची पिल्ले बोटीने गेली. त्यांच्यावर सेर्गेय बारुझ्दिन यांनी मुलांसाठी गोष्ट लिहिली, आणि उलट दिशेने हिंदुस्थानात आलेल्या पांढऱ्या अस्वलाच्या पिल्लाचीही लिहिली. फार गोड कल्पना! दोन देश म्हणजे दोन सख्खे शेजारी, आणि बोट म्हणजे वाटी झाकून नेणारी घरची पोर. परंतु या गोष्टींत कोणी कोणाशी भांडत नाही, कोणी कोणाला अडचणीचे काही विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत व्याही एकमेकांशी वागतात तशी ती मैत्री आहे. आग्रह भरपूर, ओळख बेताची.

तिसऱ्या तऱ्हेत मैत्री हा शब्दच येत नाही, आणि मला वाटते, आम्हा मुलांवर खरा परिणाम तिचाच झाला. अर्कादी गायदार यांची चुक आणि गेक या दोन भावांची गोष्ट 1939 सालची. वडील दूर सैबेरियात कामावर असतात. आई पोरांना घेऊन मॉस्कोहून आगगाडीने निघते. निघण्याआधी दोघे भाऊ भांडतात, आणि त्या भांडणात ‘इतक्यात येऊ नका’ अशी वडिलांची तार खिडकीबाहेर जाते. पोरे भीतीने आईला सांगतच नाहीत. पुढे बर्फातून तिथे पोचावे तर मुक्कामावर वडील नाहीत! मी हे पुस्तक किती वेळा वाचले असेल त्याची गणती नाही. बर्फ मी पाहिलेले नव्हते. आमच्या हिंगणघाटला मे महिन्यात अंगणात पाय ठेववत नाही. पण भांडण लपवणारे भाऊ मी घरीच पाहिले होते, आणि परक्या ठिकाणी पोरांसाठी चूल पेटवणारी आईही मला ठाऊक होती. हिंगणघाटपासून मॉस्को पाच हजार किलोमीटरच्या पुढे. तरी ती बाई मला माझ्या मावशीसारखी वाटे. त्या गोष्टीने मला कुठेही ‘रशिया तुझा मित्र आहे’ असे सांगितले नाही. तिने मला त्यांच्या घरात नेऊन बसवले.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला थोडे जड जाते.

गायदार यांचीच दुसरी गोष्ट तिमूर नावाच्या मुलाची. ती 1940 सालची. ज्या घरचा माणूस सैन्यात गेला आहे, त्या घरी तिमूर आणि त्याचे सोबती गुपचूप मदत करतात. पाणी भरतात, लाकडे रचून ठेवतात, आणि त्या घराच्या फाटकावर लाल तारा काढतात. हे पुस्तक माझ्याकडे नव्हते. मामाने ती गोष्ट अंगणात बाजेवर बसून तोंडी सांगितली. ऐकायला मी होते आणि माझी एक मैत्रीण होती. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. शाळेत आमचा एकच बाक. आमच्या घरी ती येई, पण अंगणापर्यंत. का, ते आपणा सर्वांना कळते.

ते 1988 साल. आम्ही दोघी चौथीत. आमच्या गल्लीत एक म्हातारीबाई एकटी राहत. त्यांचा मुलगा लष्करात होता आणि त्या वेळी श्रीलंकेत गेला होता. आम्ही ठरवले, आपणही तिमूर व्हायचे. दुपारी म्हातारीबाई झोपल्या असताना आम्ही हापशीवरून बादल्या आणून त्यांच्या ओसरीतला रांजण काठोकाठ भरला आणि दाराच्या चौकटीवर गेरूने तारा काढला. पाच टोके नीट जमली नाहीत, पण तारा होता. मग आम्ही भिंतीआड लपून बसलो, त्या उठल्या की किती खूश होतात ते पाहायला.

त्या उठल्या. शेजारणीने त्यांना सांगितले, पाणी कोणी भरले ते. त्यांनी रांजण आडवा केला. सगळे पाणी ओसरीवरून अंगणात गेले. मग राखेने रांजण घासला आणि चौकटीवरचा तारा पदराने पुसला. त्या वाईट नव्हत्या. मला त्या नेहमी गूळ-शेंगदाणे देत. माझ्या मैत्रिणीने ते सगळे पाहिले आणि काही न बोलता ती नाल्याकडे चालू लागली. मीही काही बोलले नाही. तिच्या मागेही गेले नाही. घरी आले आणि चुक-गेकचे पुस्तक उघडून बसले.

तेव्हा कळले नाही, पण आता कळते. रशियातल्या मुलांशी मैत्री करणे मला सोपे होते. त्यांच्या हातचे पाणी प्यायची पाळी कधी कोणावर येणार नव्हती.

अण्णा भाऊ साठे यांच्याविषयी वाचले तेव्हा हाच विचार पुन्हा मनात आला. शाळेची पायरी त्यांनी धड चढली नाही. जन्म वाटेगावच्या मांगवाड्यातला. त्यांनी 1943 साली स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, आणि 1961 साली ते रशियाला गेले. त्या प्रवासावर त्यांचे पुस्तकही आहे. ज्या माणसाला स्वतःच्या मुलखात गावकुसाबाहेर राहावे लागले, तो मॉस्कोत मानाचा पाहुणा झाला. यात रशियाचा मोठेपणा आहेच, पण आपला कमीपणाही आहे, आणि दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

तशी रशियाचीही दुसरी बाजू आहे. ती त्या सुंदर पुस्तकांत कुठेच नव्हती. 1932-33 साली युक्रेनमध्ये भयंकर दुष्काळ पडला, सरकारी सक्तीने धान्य काढून नेल्यामुळे लाखो माणसे मेली. 1937-38 मध्ये असंख्य निरपराध लोक पकडले गेले. डानील खार्म्स हे मुलांचे फार लाडके कवी. त्यांना 1941 साली अटक झाली आणि 1942 साली लेनिनग्राडच्या तुरुंगातील दवाखान्यात त्यांचा अंत झाला. हसरी मुले आणि लाल टाय यांच्या चित्रांमागे हे होते. मामाला हे पुढे कळले तेव्हा तो बरेच दिवस गप्प होता. मग एकदा म्हणाला, “गोष्ट खोटी नव्हती वं, पण सगळी नव्हती.” यापेक्षा चांगला निवाडा मला कोठे वाचायला मिळाला नाही.

सरकारांची मैत्री किती टिकते, हेही आपण पाहिले. 1954 साली चीनशी पंचशीलाचा करार झाला, ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या घोषणा झाल्या, आणि 1962 साली युद्ध झाले. त्यासरशी भाईपणा संपला. पण 1938 साली चीनला गेलेल्या पाच हिंदी डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. त्यांची आठवण दोन्ही देशांत युद्धानंतरही राहिली. करार मोडला तरी रुग्णाच्या उशाशी काढलेली रात्र मोडत नाही.

रशियाचेही तसेच झाले. 1991 साली माझी सातवी झाली आणि शाळा सुटली. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. पुस्तके यायची बंद झाली. मामाच्या पिशवीत मग नुसती संत्रीच असत. मात्र ज्यांनी ती लहानपणी वाचली, ते ती विसरले नाहीत. मराठीतल्या या पुस्तकांवर ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपटही निघाला. देश नकाशावरून गेला तरी चुक आणि गेक यांची आगगाडी काही जणांच्या मनात चालूच आहे.

आपला वर्धा जिल्हा तर परदेशच्या मैत्रीला नवखा नाही. टॉलस्टॉयला गुरुस्थानी मानणारे गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. नई तालीमचे काम ज्यांनी सांभाळले, त्यांपैकी आर्यनायकम सिलोनचे आणि आशादेवी बंगाली घराण्यातल्या. डिसेंबर 1949 मध्ये जगभरचे शांततावादी सेवाग्रामला जमले होते. त्या पाहुण्यांना इथे कोणी चित्रातली मैत्री दाखवली नाही. आश्रमाची रीतच अशी होती, की सूतकताईपासून भंगीकामापर्यंत कोणतेही काम हलके मानायचे नाही, आणि जेवायचे ते सर्वांनी एका पंगतीला. परदेशची मैत्री गांधीजींनी नाल्यापलीकडच्या मैत्रीपासून वेगळी काढली नाही. हे सगळे आमच्या गावापासून अवघ्या तासा-दीड तासाच्या वाटेवर घडत होते, आणि तरी 1988 साली तो रांजण आडवा झाला.

पुस्तके सापडली त्याच आठवड्यात ती मैत्रीण मला बाजारात भेटली. आता ती अंगणवाडी सांभाळते. मी उत्साहाने म्हटले, “अगं, मामाची रशियन पुस्तके सापडली!” ती हसली. लाल तारा तिलाही आठवत होता. मग भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, “पाणी सांडलं त्याचं काही नाही वं. त्या दिवशी तू काहीच बोलली नाही.”

छत्तीस वर्षांहून जास्त काळ तिने ते मनात ठेवले होते. मी काय उत्तर देणार? “खरं आहे,” एवढेच म्हणाले. मग आम्ही दोघींनी उभ्या उभ्या उसाचा रस घेतला.

म्हणून हा लेख लिहिला. हा लेख लिहिण्याआधी मी आपल्या मंडळाची सभासद-यादी मागून घेतली आणि दोनदा वाचली. तीत नाल्यापलीकडचे एकही नाव नाही. कोणी मुद्दाम गाळले असे मी म्हणत नाही. आपण विचारायलाच गेलो नाही. मी तीत स्वतःलाही धरते.

माझी सहा पुस्तके मी मैत्रिणीच्या अंगणवाडीला देत आहे. दर शनिवारी दुपारी तिथे जाऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, असे मी कबूल केले आहे. ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी अवश्य यावे. गोष्टी रशियाच्या असोत, जपानच्या असोत की आपल्या सानेगुरुजींच्या, मुलांना सगळ्या चालतात. पाण्याची सोय तिथे आहे. माठ ती रोज सकाळी स्वतः भरून ठेवते.